खटका कोणी पाडला?

हे लिहायचं नव्हतंच मला.

तीन वेळा टाइप केलं, तीन वेळा पुसलं. कारण हे पेज वाचणाऱ्यांत एक माणूस असा आहे की त्यानं हे वाचलं तर...

जाऊ दे. शेवटी कळेलच.

घडलेलं खरं आहे. जागा, पेणच्या खालची खाडी. साल १९९५. डिसेंबरातली अमावास्या, शुक्रवार. आणि रात्र नव्हती. दुपारचे चार वाजलेले, लख्ख ऊन.

रात्र असती तर बरं झालं असतं, असं मोरू अजून बोलतो. अंधारात कळलं नाय, असं तरी सांगता आलं असतं.

मोरू म्हणजे माझा बाबा. पण बाबा लिहिलं की हात अडकतो. म्हणून मोरूच लिहितो.

मोरू आणि कान्हू लहानपणापासूनचे दोस्त. दोघांच्यात मिळून एक लाकडी मचवा होता. खाडीपलीकडच्या खारजमिनीत तेव्हा रस्ता नव्हता. भात झोडून झालं की तिथला पेंढा मचव्यात भरायचा आणि बंदरावर आणायचा. तिथून तो ट्रकनं तबेल्यांना जायचा. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने म्हणजे दोन्ही घरांचं वर्ष.

आणि त्या वर्षी ऐन दसऱ्याला मचव्याचं इंजिन गेलं.

रामवाडीला पोपट मेस्त्रीचं गॅरेज होतं. त्यानं इंजिन उघडलं, बोट फिरवलं आणि बोलला, ब्लॉक चिरलाय. वेल्डिंग मारून देतो, पण खारं पाणी महिन्याभरात परत चीर पाडंल. मग करायचं काय? कंपनीचं नवीन इंजिन तर सोडूनच द्या. दुसरा रस्ता मुंबईचा. तिकडं भंगारात काढलेल्या बोटींची इंजिनं मिळतात, गिअरसकट. चांगली असतात. पण तेवढे पैसे जमवायला शिमगा उजाडला असता, आणि तोवर पेंढा संपला असता.

तिसरा रस्ता रोह्याचा.

रोह्याच्या एका शेतकऱ्याकडं कालव्याचं पाणी आलं होतं. त्याचं पंपाचं डिझेल इंजिन गोठ्यात पडून होतं. दोन सिलिंडरचं, दणकट. अर्ध्याहून कमी पैशात देत होता.

दोघं पेणवरून गाडीनं रोह्याला गेले. कान्हूनं इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या. शेणाचा वास घेतला आणि शेतकऱ्यालाच बोलला, "पाटील, ह्यानं खाडी कधी बघितली नाय. घाबरंल नाय ना?"

शेतकरी हसला. मोरू हसला.

मग कान्हू हसायचा थांबला. बाहेर येऊन त्यानं मोरूला बाजूला घेतलं.

पंपाच्या इंजिनाला गिअर नसतो. शाफ्ट सरळ पंख्याला जोडायचा. इंजिन चालू झालं की मचवा निघाला. मागं घेता येत नाही. चालू ठेवून जागेवर उभाही राहत नाही. थांबायचं असेल तर इंजिनच बंद करायचं. आणि ते परत चालू करायला दोन माणसं लागतात. एकानं पुढून दोन्ही हातांनी हँडल मारायचं, दुसऱ्यानं वेग आला की इंजिनाच्या डोक्यावरचा लोखंडी खटका खाली पाडायचा. खटका पाडला की चालू. खटका उचलला की बंद.

कान्हूचं म्हणणं एकच. शिमग्यापर्यंत थांबू, मिठागरात मजुरी करू, पण गिअरवालं घेऊ.

मोरूचं म्हणणं, ह्या वर्षीचा पेंढा गेला की गिऱ्हाईक गेलं.

मोरूनं जोर लावला. कान्हूची बायको बायजा तेव्हा बाळंतीण होती, पोरगा दीड महिन्याचा. मोरूनं तेही काढलं. पोराला दूध काय शिमग्यानंतर पाजणार का, असं बोलला.

कान्हूनंच आत जाऊन शेतकऱ्याला हो सांगितलं.

इंजिन आलं. पोपटनं बसवलं. नारळ फोडला. नारळाचं पाणी इंजिनावर शिंपडताना कान्हू बोलला,

"एक कबूल कर, मोऱ्या. मी बंद बोललो का बंद. इचार करायचा नाय."

मोरूनं ओला हात खटक्यावर ठेवला.

"बंद म्हंजे बंद."

महिनाभर इंजिन घड्याळासारखं चाललं. कान्हूच त्याला 'पाटील' म्हणून हाक मारायला लागला.

मग तो शुक्रवार.

पेंढा भरायला उशीर झाला. भरती दुपारीच फिरलेली, ओहोटी जोरात. अमावास्येची ओहोटी, खाडी बघता बघता रिकामी होते. वेळेत बंदर गाठलं नाही तर मचवा चिखलात बसणार, कलंडणार, माल भिजणार. म्हणून त्या दिवशी भारे जरा जास्तच उंच रचले होते. उरलेल्यासाठी परत फेरी नको.

पेंढ्याच्या ढिगापलीकडचं मोरूला काहीच दिसत नव्हतं. तो मागं सुकाणूवर. त्याच्या पुढ्यात, हातभर अंतरावर इंजिन. कान्हू वर, ढिगाच्या टोकावर बसून ओरडून सांगायचा. डावीकडं. सरळ. उजवीकडं.

तिवरांच्या वळणावर कान्हूचा आवाज थांबला.

मग... धप्प.

पेंढ्याचे दोन भारे मचव्याच्या कडेनं मागं गेले. त्यांच्या मागून कान्हूचं डोकं वर आलं.

"मोऱ्या, बंद कर."

घाबरलेला आवाज नव्हता तो. रोजचाच होता. जसं काय पान आण असं सांगावं.

मोरूचा हात खटक्याकडं गेला.

आणि त्यानं विचार केला.

बंद केलं तर परत चालू करायला दुसरा माणूस नाय. पाणी उतरतंय. मचवा बसंल. कान्हू पट्टीचा पोहणारा, काठ वीस हातांवर. चिखलातून चालत येईल, दोन शिव्या देईल, संपलं...

"मोऱ्या, बंद कर रे."

दुसऱ्या वेळी आवाज लांबून आला.

तिसऱ्यांदा आला नाही.

मोरू बंदराला लागला. चार माणसं, छोटी होडी, दोऱ्या घेऊन परत आला. तोवर अर्धा तास गेला होता. वळणावर पेंढा तरंगत होता. बाकी काहीच नाही. काठाच्या चिखलात नुसती हातांची रेघ होती, खाली घसरत गेलेली.

कान्हू दुसऱ्या दिवशी बांधाच्या उघाडीपाशी, पाणी सोडायच्या दारापाशी सापडला.

मोरूनं सगळ्यांना सांगितलं, मी इंजिन लगेच बंद केलं. पण एकट्याला परत चालू होईना. मचवा ओहोटीबरोबर बंदराकडं वाहत गेला.

सगळ्यांनी ऐकलं. त्या इंजिनाला दोन माणसं लागतात हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बंदरावर तेव्हा ट्रक भरत होते, त्या गोंगाटात इंजिनाकडं कोणाचाच कान नव्हता. शंका कोण घेणार?

तेराव्याला बायजा पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मोरू जेवत नव्हता. तिनं स्वतः त्याच्या पानात वाढलं आणि बोलली, "जेव, भावजी. तू बंद केलंस ना? तुज्या हातात तेवढंच होतं."

तो घास अजून गिळलेला नाय, असं मोरू बोलतो.

मग गावातल्याच केरूला सोबत घेऊन मोरूनं मचवा परत काढला. काढावाच लागला, आता दोन्ही घरांचं त्याच्यावर होतं.

पहिली फेरी. तिवरांचं वळण आलं.

खट...

इंजिन बंद.

केरू बोलला, डिझेलमध्ये हवा धरली असंल. दोघांनी परत चालू केलं. निघाले.

दुसरी फेरी. तेच वळण.

खट...

तिसऱ्यांदाही तेच. वळणाच्या आधी नाही, नंतर नाही. बरोबर तिथंच.

पोपट मेस्त्रीनं येऊन खटका तपासला. स्प्रिंग कडक. दोन बोटांनी उचलेना. असा आपोआप वर जातो कसा, असं तो तीनदा बोलला आणि मग विषय बदलला.

केरूनं काम सोडलं. सोडताना मोरूला एवढंच बोलला, "इंजिन बंद पडल्यावर माणूस इंजिनाकडं बघतो. तू पाण्याकडं का बघतोस?"



जानेवारीची अमावास्या. परत दुपार. दुसरा माणूस मिळेना आणि माल तर पडून. पलीकडच्या गड्यानं खटका पाडून इंजिन चालू करून दिलं आणि उडी मारून उतरला. मोरू एकटा निघाला. ठरवलं होतं, ह्या वेळी खटक्यावरून नजर हलवायची नाही.

वळण आलं.

बगळे उडाले. एकदम सगळे.

मोरू खटक्याकडं बघत होता. ऊन पडलेलं. लोखंड चमकत होतं.

खटका हळू वर उचलला गेला...

कोणीतरी उचलावा तसा. सावकाश. पुरता वर.

इंजिन दोनदा धापा टाकून गप्प झालं.

खाडीत इतकी शांतता मोरूनं कधी ऐकली नव्हती. पाणी उतरत होतं, पण त्याचाही आवाज नाही.

मग मागून...

छप.

छप.

हात मारत कोणीतरी येत होतं. थकलेला माणूस मारतो तसे हात. मध्येच थांबायचे. परत सुरू व्हायचे.

मोरूनं वळून बघितलं. पाणी सपाट. एक तरंग नाही. आवाज मात्र जवळ येत होता.

छप...

अगदी मचव्याच्या बुडाशी येऊन थांबला.

आणि मचवा डावीकडं कलला. भरलेला मचवा. एखादा गडी काठाला धरून वर चढतो तेव्हा कलतो, तेवढाच. मग सरळ झाला.

आत कोणी नव्हतं. पण इंजिनाजवळच्या फळीवर पाणी ठिबकत होतं. वरून काहीच नव्हतं, आणि पाणी ठिबकत होतं.

 मोरू तिथंच बसला. तोंडातून आपसूक निघालं,

"कान्हू... मी बंद नाय केलं रे. तू दोनदा बोललास. मी ऐकलं. दोन्ही वेळा ऐकलं."



ठिबकायचं थांबलं.

 मचव्याचं बूड चिखलाला घासायला लागलं. मोरू उठला. काय वाटलं कोण जाणे, पुढं जाऊन त्यानं दोन्ही हातांनी हँडल धरलं. वेडेपणा होता. खटका त्या टोकाला, हात पोचतच नाही.

त्यानं फिरवायला सुरुवात केली. एक... दोन... वेग आला...

खट.

इंजिन चालू झालं.

मोरू बंदराला लागला तेव्हा पोपट मेस्त्री तिथंच उभा होता. त्यानं मचव्यात डोकावून बघितलं. मग तिवरांकडं बघितलं. त्या दिवशी बंदरावर ट्रकचा गोंगाट नव्हता, आणि इंजिन बंद पडल्याचं, परत चालू झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मोरू," पोपट बोलला, "खटका कोणी पाडला?"

मोरूनं त्याच दिवशी मचवा बांधला तो कायमचा. इंजिन काढून घरामागच्या पडवीत ठेवलं. विकलं नाही. मीठ उचलायला गेला, मजुरी केली. बायजाकाकीच्या घरचं मात्र कधी कमी पडू दिलं नाही. तिच्या दारात शंभर वेळा गेला सांगायला. ती चहा टाकायची. तो पिऊन यायचा.

हे सगळं मला गेल्या आठवड्यात कळलं.

का कळलं ते सांगतो. कान्हूचा तो दीड महिन्याचा पोरगा म्हणजे आदर्श. माझा दोस्त. मासेमारीची छोटी होडी आहे त्याची. गेल्या महिन्यात तिचं इंजिन गेलं. नवीन परवडत नाही. चार ठिकाणी फिरला, मग मला मेसेज केला. तुमच्या पडवीत ते जुनं इंजिन पडलंय ना, ते दे की. स्वस्तात होईल.

मी बाबाला विचारलं. बाबा उठून मागं गेला आणि पडवीत बसून राहिला. रात्री जेवताना सगळं बोलला. शेवटी बोलला, "तू लिही. माज्या तोंडातनं तीस वर्षं निघालं नाय, आता काय निघणार?"

दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री काढून बघितलं. इंजिन गंजलेलं, पण खटका वर उचललेला. बाबा बोलला, मी पाडूनच ठेवतो. कायम.

मी पाडला. दोन्ही हात लावावे लागले.

काल सकाळी परत वर होता... आणि खालची जमीन ओली. पडवीत पाणी येत नाही. अंगठ्यानं घेऊन जिभेला लावलं.

खारं.

मला ह्यातलं काही समजत नाही. समजवून कोणी सांगू पण नका.

आदर्श, तू हे वाचशील मला माहीत आहे. रागावशील. येऊ नकोस चार दिवस, बोलू नकोस. बाबाला काय बोलायचं ते बोल, तो ऐकून घेणार हाय. काकीला मात्र तो स्वतः सांगणार. मी बरोबर उभा राहीन.

आणि एवढं झाल्यावर पण तुला ते इंजिन पायजे असंल, तर घेऊन जा. तुजंच हाय. पण पहिल्या फेरीला मी येणार. मी खटक्यापाशी बसणार. तिवरांचं वळण आलं का मी माज्या हातानं तो उचलीन, आपोआप वर जायची वाट नाय बघणार. तुजा बाबा पोचेपर्यंत आपण थांबू.

ओहोटी असली तरी थांबू.

बंद म्हंजे बंद.