मगन अप्पा पुलावर हजर होते

हे खरं घडलंय. पटत नसेल तर शहाद्याजवळ आमच्या गावी या, नदीवरचा फरशी पूल दाखवते.

तारीख १७ ऑगस्ट २०२३. दुपारचे साडेचार. लख्ख ऊन.

भुतांना अंधारच लागतो असं काही नाही.

माझे वडील, मगन अप्पा, मैलकुली होते, रस्त्याच्या देखभालीवरचे सरकारी मजूर. पूर आला की पुलाच्या तोंडाशी आडवी दोरी बांधायची, शिट्टी वाजवून गाड्या थांबवायच्या, हे त्यांचं काम. आमची नदी फसवी आहे. पाऊस वर सातपुड्यात पडतो, इथे आभाळ कोरडं असतं आणि लोंढा येऊन धडकतो.

२००९ साली अशाच लोंढ्यात एक जीप वाहून गेली. आतल्या दोघी बुडाल्या, ड्रायव्हर नवनीत वाचला. त्यानं जबाब दिला, पुलावर कुणीच नव्हतं.

त्याच पुरात गेलेल्या अप्पांचं प्रेत चार दिवसांनी खाली सापडलं. पिऊन पडला असेल, असं ठरलं. कागदावर शेरा बसला, 'गैरहजर'. गावानं तर कमालच केली. म्हणे मगनचं भूत माणसं बुडवतं.

चौदा वर्षं मी हे ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे, भांडले.

त्या दिवशी मी स्कूटीवर होते, मागे आई, कौसाबाई. नदीत घोटाभर पाणी. मी पुलावर चाक घालणार तेवढ्यात...

"थांब वं रोहिणी," आई म्हणाली. "दोरी बांधेल शे."

समोर दोरी सोडा, काहीच नव्हतं.

आई उतरली. छातीच्या उंचीवर हवेत हात टेकून उभी राहिली. हात जराही हलत नव्हता.

मग जाणवलं... कावळे गप्प. नदी गप्प. स्कूटी चालू होती, पण तिचाही आवाज नव्हता.

आणि शिट्टी वाजली...

दोन आखूड, एक लांब. अप्पांचीच.

मागून नवनीतचा पिकअप येत होता. त्यानं करकचून ब्रेक मारला.

पाच मिनिटांत गढूळ पाणी पुलावरून माणूसभर उंच वाहू लागलं.

नवनीत रस्त्यातच बसला. "त्या दिनबी त्यानी आशीच शिट्टी वाजाडी व्हती," तो म्हणाला. "मीच नही थांबनू. जबाबमा खोटं सांगं."

"हे लेखी द्या," मी म्हटलं.

नाही दिलं. अजून देत नाही. "भूतनी साक्ष कोन मानी?" असं मलाच विचारतो.

मी मानते. म्हणून नावानिशी लिहितेय. तो शेरा खोडून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी नवनीतच्या दारात उभी राहते. तो दार उघडत नाही.

परवा मात्र आतून बोलला.

"सही करस मी. पण एकली ये ना, बापले काबर संगे लई येस?"

मी एकटीच गेले होते.