एकासाठी टेबल

मी चष्मे बनवतो. माणसाला खरंच काय दिसतं आणि काय नुसतं दिसल्यासारखं वाटतं, हा फरक ओळखण्यात माझी एकतीस वर्षं गेली. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

आमची ही गेल्याला आठ महिने झाले होते. मुलगी दूर देशी नोकरीला. तिकडे सगळे स्पॅनिश बोलतात. "बाबा, माझ्याकडे या राहायला," ती फोनवर म्हणाली. "पण चार वाक्यं शिकून या. मी दिवसभर ऑफिसात असणार, तुम्हाला बाहेर जेवता तरी आलं पाहिजे."

मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

वर्ग शनिवारी दुपारी असायचा. आम्ही सहाजण, आणि शिकवणारी माझ्या मुलीच्याच वयाची. तिसऱ्या शनिवारी तिने हॉटेलात टेबल मागायला शिकवलं. ऊनो म्हणजे एक, दोस म्हणजे दोन. ती वेटर झाली आणि आम्ही एकेक करून तिच्यासमोर जायचं.

"ऊना मेसा पारा ऊनो, पोर फावोर," मी म्हणालो. एकासाठी टेबल द्या.

"उच्चार छान आहे, काका. पण तुम्ही दोघांसाठी मागितलंत."

"मी ऊनो म्हणालो."

"दोस म्हणालात," पहिल्या बाकावरची नर्स हळूच म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी आणखी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तेच.

"असू दे," शिकवणारी हसली. "सवय असते जोडीने जायची." हिच्याबद्दल तिला काही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी आरसा समोर ठेवला आणि फोनवर आवाज रेकॉर्ड केला. ओठ 'ऊनो'साठी गोल झालेले मला स्वच्छ दिसले. मग रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज माझाच होता. पारा दोस. मी अकरा वेळा करून पाहिलं.

खरं तर भीती वाटायला हवी होती. मी फोन चार्जिंगला लावला आणि भांडी घासली.

रविवारी मुलीचा फोन आला. "म्हणून दाखवा बघू," ती म्हणाली. मी म्हटलं.

"बाबा, घरी कोण आलंय?"

"कुणी नाही. का गं?"

"दोघांनी मिळून म्हटल्यासारखं ऐकू आलं." मग घाईने म्हणाली, "लाइन खराब असेल."

"असेल," मी म्हणालो.

शेवटच्या शनिवारी शिकवणारी आम्हाला एका खऱ्या स्पॅनिश हॉटेलात घेऊन गेली. एकेकाने आत जायचं, टेबल मागायचं, हीच परीक्षा. दुपारचा एक वाजला होता. काचेतून लख्ख ऊन आत येत होतं. मी शेवटचा होतो.

मी बोललोच नाही. फक्त एक बोट वर केलं.

वेटर वयस्कर होता. त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यामागे पाहिलं, आणि अदबीने मान झुकवली. दारातून बाजूला झाला, तो एका माणसाला लागते त्याहून जास्त जागा सोडून.

टेबल खिडकीशी होतं. त्याने समोरची खुर्ची ओढली, क्षणभर थांबला, अलगद आत सरकवली. मग माझी.

दोन ग्लासांत पाणी ओतलं.

मी मेनूकार्ड उघडलं. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. वेटर परत आला, समोरच्या खुर्चीकडे बघत वहीत लिहू लागला. मध्येच "सी, सेन्योरा" म्हणाला. होय, बाईसाहेब.

"काय लिहिलंत?" मी आपल्या भाषेत विचारलं.

"दोन सूप, दोन मासे," तोही आपल्याच भाषेत म्हणाला. "तुमच्या ताटात मीठ कमी. बाईंनी बजावून सांगितलंय."

मीठ कमी करायला डॉक्टरांनी मला कालच सांगितलं होतं. ते मी अजून कुणाजवळही बोललो नव्हतो.