साड्यांची भिशी

चौसाळ्याच्या फाट्यावर त्या सकाळी एक तरुण उभा होता आणि त्याच्या हातातला भला मोठा पांढरा फळा उडायच्या बेतात होता. हायवेवरून ट्रक गेला की फळ्यात वारा भरायचा आणि हा पठ्ठ्या मागे मागे सरकायचा. जीपमधून उतरलेल्या सुरेखाला आधी हसू आलं, मग दया आली. तिनं पुढे होऊन फळ्याचं दुसरं टोक धरलं.

"कुठं न्यायचाय?"

"सीताफळाच्या कारखान्यात."

"मी तिथंच हाय की कामाला. चला!"

तो पुढे, ती मागे, मधे फळा. तो सारखा वळून तिच्याकडे बघत होता.

"पुढं बघून चाला, खड्डा हाय."

"तुम्ही सांगताय ना... मग मी कशाला बघू?"

गाल तापले तिचे. एवढ्यात फाटकावरचा वॉचमन ताडकन उभा राहिला. "या मॅनेजरसायेब!" सुरेखाच्या हातून फळाच निसटला.

कारखाना शेतकऱ्यांच्या कंपनीचा. डोंगरातली सीताफळं यायची, बाया चमच्यानं गर काढून बिया वेगळ्या करायच्या आणि तो गोठवलेला गर आइस्क्रीमवाल्यांकडे जायचा. बायांवर देखरेख सुरेखाची. यातल्या कितीतरी जणी पूर्वी दसरा झाला की नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघायच्या. हाताला इथं काम मिळालं म्हणून त्या घरी राहत होत्या, लेकरं शाळेत जात होती.

नवा मॅनेजर सत्यम नांदूरघाटचा, पण पुण्यात मॅनेजमेंट शिकून आलेला. त्यानं प्रत्येकीला वेगळा टब दिला. संध्याकाळी वजन, वजनाचा आकडा फळ्यावर आणि शनिवारी जी पहिली येईल तिला साडी!

"स्पर्धा असली की माणूस पळतं," तो सुरेखाला म्हणाला.

"सर, बायांला काय शर्यतीतल्या घोड्या समजलात का?"

"बघा तर तुम्ही!"

आणि खरंच, काम वाढलं. पहिल्या शनिवारी भिवराबाई साडी घेऊन गेली, पुढच्या शनिवारी मंजुळाबाई. सत्यमचे पाय जमिनीवर ठरेनात. दिवसातून कितीदा तरी तो सुरेखाच्या टेबलापाशी यायचा.

"चव बघायची होती जरा."

"कालच बघितली की."

"काल दुसरं सीताफळ होतं ना..."

ती चमचा पुढे करायची. तो चव घेताना गराकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघायचा. सकाळी त्याच्या मोटरसायकलचा आवाज आल्याशिवाय तिचंही कामात लक्ष लागेना. प्रेमात पडली होती ती, आणि हे तिच्या आधी बायांना कळलं होतं.

पण एक गोष्ट सुरेखाला ठाऊक होती आणि सत्यमला नव्हती. बायांनी साडीची चक्क भिशी लावली होती! ज्या आठवड्यात जिची पाळी, तिच्या टबात बाकीच्या जणी आपला गर हळूच ओतायच्या. दिवाळीपर्यंत सगळ्यांना साडी, भांडण नाही नि तंटा नाही. गप्पा, गाणी, हसणं... हात आपोआप भराभर चालायचे. सुरेखाही पदराआड हसायची आणि दुसरीकडे बघायची.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा सत्यम उड्या मारतच शेडमध्ये आला. बाया नुकत्याच घरी गेल्या होत्या. बाहेर परतीचा पाऊस धो धो कोसळत होता.

"सोमवारी संचालकांची मीटिंग आहे. चेअरमन मोहनरावांना सगळे आकडे दाखवणार. पहिल्या येणाऱ्या कायम होतील, शेवटच्या काही जणींना कमी करायचं. भिवराबाई बघा ना, पहिला आठवडा सोडला तर सारखी तळाला."

भिवराबाईची पाळी होऊन गेली होती, म्हणून ती बिचारी आपला अर्धा टब दुसरीला देत होती. तिला काढलं तर दसऱ्यानंतर ती ऊसतोडीच्या टोळीच्या ट्रॅक्टरवर दिसणार!

"आणि मीटिंग झाली की..." सत्यम घुटमळला, "तुम्हाला एक विचारायचंय."

काय विचारणार ते तिला कळलं. सांगितलं तर हे विचारणं राहिलंच. आणि नाही सांगितलं तर भिवराबाई...

"सर, आधी माझं ऐका. मग विचारायचं का न्हाई ते ठरवा."

तिनं सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं कावून न्हाई?" त्याचं पुणं पावसात वाहून गेलं आणि नांदूरघाट तेवढं उरलं.

"तुमी लई खूष दिसायचात. आन् तुमी खूष दिसलात की मला... बरं वाटायचं."

तो शेडबाहेर पडला. भिजतच मोटरसायकलवर बसला आणि गेला. सुरेखा रडली, अगदी मनसोक्त रडली.

सोमवारी मीटिंग चालू होती तोवर तिच्या हातातला चमचा हलत नव्हता. शेवटी दार उघडलं आणि मोहनराव पोट धरून हसत शेडमध्ये आले.

"बायांनो, सायबाची स्पर्धा गुंडाळून ठेवली की तुमी! त्यानंच सांगितलं उभं राहून. म्हणला, माझं चुकलं, काम एकीनं वाढलं. आता कुणालाच काढायचं न्हाई, आन् साडी सगळ्यांला!"

शेडमध्ये एकच गलका उठला. त्या गलक्यातून वाट काढत सत्यम सुरेखासमोर येऊन उभा राहिला.

"रागावलात?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"लई. दोन दिवस जेवलो न्हाई धड." तो थांबला. "मग वाटलं, माझा फुगा फोडायची हिंमत एकाच माणसानं केली. तिला सोडलं तर माझ्यासारखा खुळा मीच... तुमच्या वडलांकडं येणारच हाय, पण आधी तुमचं ऐकायचंय. लग्न कराल माझ्याशी?"

गलका एकदम थांबला. नेहमी बोलणाऱ्या सगळ्याजणी कान टवकारून बसल्या.

"अहो सर, सगळ्या ऐकायल्यात..."

"ऐकू द्या की. यांच्यापासून काय लपून राहतं का?"

सुरेखा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी भिवराबाईलाच राहवलं नाही.

"अगं हो म्हण की बया, गर काळा पडायलाय हितं!"

"हो!" सुरेखा म्हणाली. आणि मग लालबुंद चेहऱ्यानं सगळ्यांवर ओरडली, "चला, हात चालवा!"

एकीचाही हात चालला नाही.