बाहीवरची हळद

मनीष जगदाळे जिना चढून आला, तेव्हा बाळकृष्णराव पागे दुसरी कचोरी खावी की नाही या गहन विचारात होते. इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागातल्या त्या दीड खोलीच्या ऑफिसात यशोधराताई मतकर खासगी तपासाची कामं घेत. त्याआधी वीस वर्षं त्यांनी विम्याच्या दाव्यांसाठी दवाखान्यांच्या फायली तपासल्या होत्या, त्यामुळे कोणता आजार खरा आणि कोणता नुसता कागदावरचा, हे त्यांना चटकन कळे. बाळकृष्णराव हे त्यांचे शेजारी, निवृत्त मास्तर. स्कूटर चालवणं आणि टिपणं घेणं ही त्यांची कामं, आणि चुकीचा गुन्हेगार सगळ्यांच्या आधी ओळखणं हा छंद.

मनीषनं टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली आणि तिच्यावर उंदीर मारायच्या औषधाची पुडी.

"ही आमच्या किचनमध्ये मिळाली, मॅडमजी. पिठाच्या डब्यामागं. अप्पांना कोणीतरी हे देतंय."

हकीकत अशी होती. त्याचे वडील अप्पासाहेब, वय चौऱ्याहत्तर, यांना सात महिन्यांपासून अधूनमधून शौचाला काळं होत होतं. हिमोग्लोबिन सहावर आलं, तीनदा रक्त चढवावं लागलं. तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिलं, खालून मोठं आतडं पाहिलं, तेही दोनदा. शेवटी महिन्यापूर्वी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली. ती लहान आतड्यातून फोटो काढत जाते. तिलाही काही सापडलं नाही.

"सब टेस्ट करून झाल्या. अंदर काही नाही, म्हणजे बाहेरूनच आलं ना? या औषधानं खून पतला होतो, मी नेटवर वाचलंय."

बावीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या सखुबाईंना त्यानं कालच घरी बसवलं होतं. आता पोलिसांत जायचं होतं, त्याआधी पक्का पुरावा हवा होता. बाळकृष्णरावांनी वहीत 'सखुबाई' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

यशोधराताईंनी पुडी उचलली, तिच्या चारही कडा नखानं चाचपल्या आणि परत ठेवली. मग फाइल उघडून त्या आकडे सांगू लागल्या. रक्त गोठायचा वेळ: मे महिन्यात तेरा सेकंद, ऑगस्टमध्ये साडेबारा, ऑक्टोबरमध्ये तेरा, म्हणजे तिन्ही वेळा नॉर्मल. दोन वर्षांपूर्वीची हृदयाची सोनोग्राफी होती, तिच्यात एक झडप अरुंद होत चालल्याची नोंद होती. कॅप्सूलचा रिपोर्ट दोन पानी होता. पहिल्या पानाचे कोपरे हाताळून मऊ पडलेले, दुसरं पान नवं करकरीत. त्यावरची एक ओळ बाळकृष्णरावांनीच मोठ्यानं वाचली: लहान आतड्याच्या मधल्या भागात पिवळट कण, दृश्य अस्पष्ट. म्हणजे काहीच नाही, असा खुलासाही त्यांनी लगेच करून टाकला.

ताईंनी मनीषकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दोघं जगदाळ्यांकडे गेले. अप्पासाहेब त्यांना भेटायला वरून खाली आले. सोळा पायऱ्या, पण कठडा धरून, छातीवर हात ठेवून ते दोनदा थांबले. एकेकाळी तालमीत शंभर जोर काढणारा हा माणूस. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, हे त्यांच्या मिशीकडे पाहूनच कळे.

त्यांना विषबिष काही पटत नव्हतं. "डॉक्टर लोक छातीला नळी लावून इतकं ऐकतात, जसं अंदर भजन चाललंय," ते हसत म्हणाले. सप्टेंबरात वीस दिवस ते सांवेरला बहिणीकडे होते. शेतातलं सोयाबीन निघत होतं. तिथंच पुन्हा काळं होऊ लागलं आणि परत आले ते थेट रक्त चढवायला. बाळकृष्णरावांनी ही माहिती 'प्रवास' या मथळ्याखाली टिपली.

सून रुची शाळेत शिकवत होती, बोलणं मोजकं. पुडी तिनंच आणलेली. उंदीर फार झाले म्हणून सखुबाईंनी मागितली होती. कॅप्सूलच्या दिवसाबद्दल विचारताच ती जरा अभिमानानं सांगू लागली. आदल्या रात्रीपासून पाण्याशिवाय काही द्यायचं नव्हतं, म्हणून सकाळी गॅससुद्धा पेटवला नाही, फ्रिजला कुलूप घातलं, आणि ती आणि मनीषही उपाशी राहिले. अप्पासाहेब तेवढे रिवाजाप्रमाणे सहाला फिरायला गेले आणि थांबत थांबत राजवाड्याला चक्कर मारून साडेसातला परतले.

सखुबाई मागच्याच गल्लीत राहत. त्यांनी पाहुण्यांना बसायला दिलं आणि स्वतः उंबऱ्याशी बसल्या.

"काम दुसरं मिळेल, ताई. पण नळावर बायका मला पाहून चुप होतात," त्या म्हणाल्या. "बावीस बरस याच हातानं खाऊ घातलं. आता हाताकडे बघायला नको वाटतं."

ताईंनी विचारलं ते भलतंच. कॅप्सूलच्या दिवशी तुम्ही कामाला आला होतात का? आल्या होत्या, पण चूल बंद म्हणून नुसतं धुणं केलं. त्या दिवशी उतरवलेला अप्पासाहेबांचा पांढरा कुर्ता होता, बाहीवर हळदीचा ताजा डाग. तीनदा साबण लावला तरी पिवळाच राहिला.

परतताना बाळकृष्णरावांनी स्कूटर हळू करून निकाल दिला. पुडी आणणारी रुची, म्हणजे रुचीच.

"मनीष का नाही?" ताईंनी मागून विचारलं. बाळकृष्णरावांनी तोही विचार केला आणि सिग्नल लाल असताना पुढे गेले.

पुढचं त्यांना मुळीच समजलं नाही. ताईंनी पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर तन्वी दीक्षितांना फाइल दाखवली आणि कॅप्सूल पुन्हा द्यायचं ठरलं. त्या दिवशी पहाटे पाचपासून जगदाळ्यांच्या फाटकात सखुबाईंनी बसावं, अशी ताईंची अट होती. मनीष चिडला, पण अप्पासाहेब मान खाली घालून म्हणाले, बसू दे. सहा वाजता ते सवयीनं बूट घालून आले, सखुबाईंना पाहिलं आणि मागे वळले.

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. सखुबाई दाराजवळ उभ्या होत्या. पडद्यावर आतड्याचा गुलाबी बोगदा सरकत होता. डॉक्टरांनी चित्र थांबवलं. मोहरीएवढा लालभडक ठिपका, भोवती बारीक तंतू. असे तीन होते, आणि तिसऱ्यातून रक्त झिरपत होतं.

"हा तुमचा गुन्हेगार," यशोधराताई म्हणाल्या. "विषानं रक्त पातळ झालं असतं, तर गोठायचा वेळ वाढला असता. तो तिन्ही वेळा नॉर्मल होता. पुडीचं सील अजून शाबूत आहे. आणि सांवेरला सखुबाई नव्हत्या, तरी रक्त गेलंच."

"हे ठिपके कशाचे?" रुचीनं विचारलं.

डॉक्टरांनी समजावलं. या नाजूक, फुगलेल्या रक्तवाहिन्या. अप्पासाहेबांच्या हृदयाची झडप आता फारच अरुंद झाली आहे, त्यातून रक्त जोरानं घुसतं आणि रक्त थांबवणारं एक प्रथिन तुटतं. नेहमीच्या तपासणीत ते कळत नाही, पण अशा माणसांत हे ठिपके वाहतात. जिन्यावरची धाप आणि छातीतलं ते भजन त्याच झडपेचं.

"मग पहिल्या कॅप्सूलला का नाही दिसलं?" मनीष म्हणाला.

"तुम्ही पहिलंच पान वाचत राहिलात. दुसऱ्यावर लिहिलंय, पिवळट कण, दृश्य अस्पष्ट. कॅमेऱ्यासमोर अन्न होतं. घरात गॅस पेटला नव्हता, फ्रिजला कुलूप होतं. मग कुर्त्याच्या बाहीवर ताजी हळद आली कुठून? सहा ते साडेसात, राजवाडा. तिथं पहाटेपासून खाण्याचे ठेले लागतात."

सगळ्यांनी अप्पासाहेबांकडे पाहिलं. मिशी जरा उतरली होती.

"एकच प्लेट पोहे," ते म्हणाले. "चालीस बरस खातोय, भिया. ठेलेवाला मला पाहूनच प्लेट लावतो, त्याला नाही कसं म्हणू? वाटलं, कॅमेरा आहे, पोह्यांच्या बाजूनं निघून जाईल."

बाळकृष्णरावांना हसू आलं, पण सखुबाईंकडे पाहून ते थांबले. त्या पदर हातात धरून पडद्यावरचा ठिपका न्याहाळत होत्या. मनीष उठला आणि त्यानं आपली खुर्ची त्यांच्यापुढे आणून ठेवली.

लहान आतड्यात लांबवर जाणारी दुर्बीण घालून डॉक्टरांनी तिन्ही ठिपके जाळून बंद केले. झडपेसाठी हृदयाच्या डॉक्टरांची तारीख मिळाली. बाळकृष्णरावांनी वहीतल्या सगळ्या नावांवर काट मारली, आणि त्यांना फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला, नळावर गर्दी असताना, अप्पासाहेब मनीषचा हात धरून मागच्या गल्लीत आले. अंगात तोच पांढरा कुर्ता, बाही अजून पिवळी. सखुबाई दारात आल्या. अप्पासाहेबांनी दम घेतला, हात वर करून बाही सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि तालमीतला आवाज लावला.

"सखुबाई, पोहे मी खाल्ले होते. नाव तुमचं खराब झालं. आता घरी चला."

कोणते पोहे, हे नळावरच्या कुणालाच कळलं नाही. पण अप्पासाहेब जगदाळे सखुबाईंच्या दारात हात जोडून उभे आहेत, हे सगळ्यांनी पाहिलं. सखुबाईंनी डोळे पुसले, बाहीकडे एकदा बघितलं, आणि कुर्ता काढून द्या, अजून एकदा साबण लावून पाहते, म्हणाल्या.