क्लासेनबाईंच्या हौदाला पडलेलं भोक

"तू पॅराशूट फार घट्ट गुंडाळलं असणार," एमेट म्हणाला. "सॉसेजसारखं."

"पुन्हा म्हणालास तर तुलाच गुंडाळीन," मारितनं धाकट्या भावाला दम दिला. पण दमात काही दम नव्हता. रात्रभर तंबूत कूस बदलत ती स्वतःला तेच विचारत होती.

कॅन्ससमधल्या त्या कुरणावर रॉकेट क्लबचा दोन दिवसांचा मेळावा भरला होता. मारितनं अख्खा हिवाळा खपून आपलं रॉकेट जोडलं होतं. पुठ्ठ्याची नळी तिच्या खांद्याएवढी उंच होती. पंख तिनं खाचांत बसवून डिंकानं पक्के केले होते, आणि घासून घासून बोटांची सालं काढून घेतली होती. काल जेवणानंतर ते उडालं, सुसाट वर गेलं आणि उन्हाच्या झगमगाटात दिसेनासं झालं. पॅराशूट उघडलेलं कोणीच पाहिलं नाही. मग वारा भलताच वाढला म्हणून उड्डाणं थांबवली आणि सगळ्यांनी सकाळच्या वाऱ्याच्या दिशेनं संध्याकाळपर्यंत पूर्वेकडचं गवत पालथं घातलं. हाती लागल्या त्या दोन जुन्या काठ्या आणि एक बूट.

आणि आज सकाळी कुरणाच्या मालकीणबाई, मिसेस क्लासेन, तरातरा आल्या. पश्चिमेच्या कुंपणाजवळ ओट्यावर ठेवलेला गुरांचा पत्र्याचा हौद रिकामा पडला होता. त्याला तळालगत भोक होतं.

"माझ्या गायी रात्रभर तहानलेल्या राहिल्या," त्या म्हणाल्या. "तुमचंच कुठलं तरी नळकांडं पडलंय. कोणाचं ते सांगा, नाहीतर गाशा गुंडाळा. पुढच्या वर्षीही येऊ नका."

मिस्टर प्रुइट क्लबचे सुरक्षाप्रमुख होते. त्यांचं उत्तर तयारच होतं. "न सापडलेलं रॉकेट एकच आहे. रॉकेटं ज्यांवरून सुटतात त्या सळया मी पश्चिमेकडे कलत्या लावल्या होत्या. मारितचं रॉकेट तिकडे गेलं, पॅराशूट उघडलं नाही आणि ते नाकावर आपटलं. चूक माझी. पोरांच्या हातात एवढी मोठी मोटर द्यायलाच नको होती. यापुढे मुलांनी छोटी रॉकेटंच उडवायची."

सगळं खापर मारितवर फुटलं. ती बसेना, उभी राहीना, नुसती तंबूभोवती फेऱ्या मारत राहिली. मोठं रॉकेट पुन्हा हाती मिळणार नाही याचं दुःख होतंच, पण खरी टोचणी वेगळी होती. गायी आपल्याच हातून तहानलेल्या राहिल्या असतील तर?

"बाई गं, तुझ्याकडे बघून मला गरगरायला लागलंय," तिची मैत्रीण रोझेलिया शेवटी म्हणाली. "चल, तो हौद तरी बघून येऊ."

हौदाच्या तळाशी गाळ होता. एमेटनं कोपरापर्यंत हात घालून तो चाचपला. पुठ्ठा नाही, पंख नाही, काही नाही. मग तो बाहेरून हौदाभोवती फिरला आणि मध्येच थांबला.

"हे बघा. हौद वरून उघडा आणि भोक जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, बाजूला. रॉकेट आभाळातून आलं, खाली वाकलं आणि आडवं घुसलं? फारच नम्र रॉकेट होतं म्हणायचं."

भोकाभोवती पत्रा आत दबला होता, मुठीएवढा, गोल. शेजारच्या नळापाशी मातीत ट्रकच्या चाकांचे ठसे होते.

"इथून पाण्याची पिंपं कोण भरतं?" रोझेलियानं विचारलं.

"मिस्टर प्रुइट. काल संध्याकाळीही भरली," एमेट म्हणाला. "त्यांच्या ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा आहे ना?"

दोघं एकमेकांकडे बघून हसली. मारित मात्र हसली नाही. "भोक त्यांनी पाडलं असेल. पण माझं पॅराशूट उघडलं का? ते कुठे कळलं?"

ती तशीच उभी राहून कुरणाकडे बघत होती. दूर मिस्टर प्रुइटच्या शेगडीतून धूर निघत होता.

"काल जेवताना आपण खुर्च्या का हलवल्या?" तिनं एकदम विचारलं.

"धूर तोंडावर यायला लागला म्हणून. माझ्या बर्गरपेक्षा मलाच जास्त धूर लागला," एमेट म्हणाला.

"म्हणजे वारा फिरला होता. सकाळी तो पश्चिमेकडून होता, म्हणून सळया पश्चिमेला कलत्या होत्या. रॉकेट वाऱ्याच्या तोंडावर वर जातं आणि पॅराशूट त्याला परत आपल्याकडे आणतं. पण जेवणानंतर वारा पूर्वेकडून आला. आपण खुर्च्या फिरवल्या, सळया नाही. त्या फक्त सुरक्षाप्रमुखानं हलवायच्या असा नियम, आणि प्रमुख तर बर्गर उलटत होते. पॅराशूट उघडलं असेल तर वाऱ्यानं रॉकेट आणखी पश्चिमेला नेलं असणार."

"म्हणजे सगळ्यांनी काल उलट्या बाजूला शोधलं," रोझेलिया हळूच म्हणाली.

मारित ऐकायला थांबलीच नाही. तारांखालून सरपटत तिनं कुंपण ओलांडलं, शर्ट फाटला तेही तिला कळलं नाही. पश्चिमेला ओढा होता आणि ओढ्याकाठी एक जुनं कॉटनवुडचं झाड. झाडाच्या शेंड्याजवळ केशरी पॅराशूट फांदीला अडकून वाऱ्यानं फुगत होतं. खाली रॉकेट लोंबकळत होतं, नाकापासून पंखापर्यंत धडधाकट.

मारित मटकन खाली बसली आणि रडायला लागली. एमेटनं एकदाही चिडवलं नाही. तो मुकाट्यानं झाडावर चढला.

परतल्यावर रोझेलिया मिस्टर प्रुइटकडे गेली. तिचा चेहरा अगदी साळसूद होता. "पिंपं रिकामी आहेत हो. पाणी आणता का? मिसेस क्लासेन हौदापाशीच उभ्या आहेत."

मिस्टर प्रुइट निघाले. नळापाशी त्यांनी नेहमीसारखा ट्रक मागे घेतला, नेहमीसारखंच मागे न बघता. टण्ण! लोखंडी गोळा पत्र्यातल्या खड्ड्यात बरोबर जाऊन बसला.

मिसेस क्लासेननी गोळ्याकडे पाहिलं, मग ट्रकमधून उतरणाऱ्या माणसाकडे.

"काल खड्ड्यात चाक गेलं असं वाटलं होतं मला," मिस्टर प्रुइट पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. एमेटनं त्यांच्यासमोर अखंड रॉकेट आणि केशरी पॅराशूट धरलं, तेव्हा त्यांनी टोपीच काढली. "मारित, मी चुकलो. बघायच्या आधीच बोललो. सळयाही मीच फिरवायला हव्या होत्या."

"हौदाचं भोक आधी बुजवून द्या," मिसेस क्लासेन म्हणाल्या. "तोवर गायींना पाणी तुम्हीच पाजायचं, बादलीनं. आणि मुलींनो, तू पण रे, डोकं चालवलंत तुम्ही. माझं कुरण तुम्हाला कधीही मोकळं आहे. आता ते उडवून दाखवा मला. गेली कित्येक वर्षं भाड्यानं कुरण देतेय, कधी थांबून पाहिलं नाही."

मारितनं नवी मोटर बसवली, पॅराशूट जळू नये म्हणून आगरोधक कागद भरला, पॅराशूटची घडी घातली. मग ती घडी मोडून तिनं पुन्हा घातली. मिस्टर प्रुइट गवताची काडी उडवून वारा बघून आले आणि सळई लावून बाजूला झाले. "बटण तुझं," ते म्हणाले.

रॉकेट सर्रकन उडालं आणि डोळ्यांच्या टप्प्याबाहेर जाऊ लागलं. मारित मान उंचावून बघत राहिली. वर एक बारीकसा धूर दिसला, आणि मग केशरी ठिपका उमलला. आपलं पॅराशूट उघडताना ती पहिल्यांदाच बघत होती.

"उघडलं," ती म्हणाली, आणि ते खाली येईपर्यंत तेवढंच म्हणत राहिली.