कण्हणारं छत

"स्विच बंद आहे ना? नीट बघ!"

"बंदच आहे! दाबून दाबून बोट दुखलं माझं!"

"मग हे कोण कण्हतंय?"

लंबू स्विचवर बोट ठेवून तसाच उभा राहिला आणि तिघांच्याही माना हळूहळू वर वळल्या.

"हूं… ऊं… ऊं… ठक!"

घरगाडीच्या छताच्या मधोमध एक चौकोनी झरोका होता. त्यात जाळीमागे हवा बाहेर फेकणारा पंखा. आवाज तिथूनच येत होता. एखादं आजारी माणूस छतावर पडून कण्हत असावं, मध्येच त्याने कूस बदलावी आणि त्याचं कोपर पत्र्यावर आपटावं, अगदी तसा!

मुंगीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती अकरा वर्षांची, पण चणीने एवढीशी, म्हणून घरात सगळे तिला मुंगीच म्हणत. सुट्टी लागली तशी ती मामाकडे आली होती, आणि मामाने या वेळी भलताच बेत केला होता. त्याने चक्क एक घरगाडी भाड्याने आणली होती! आत झोपायला बाकं, स्वयंपाकाला गॅसची शेगडी, हात धुवायला इवलंसं बेसिन. मामा, मामी, त्यांची तीन मुलं आणि मुंगी अशी सगळी वरात तळ्याकाठच्या मुक्कामाच्या मैदानात येऊन ठेपली होती. थोरला लंबू मुंगीहून दोन वर्षांनी मोठा आणि दोन हात उंच. मधली पोपट. तिला पोपट का म्हणतात, हे तिच्याशी बोलायला लागल्यावर लगेच कळायचं. आणि धाकटा गोळू अजून रांगतच होता.

"मी सांगू? वर कुणीतरी आहे," पोपट कुजबुजली. तिची कुजबुज शेजारच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल अशी होती. "या गाडीत आधी राहून गेलेला माणूस! तो गेलाच नाही!"

"गप गं!" मुंगी ओरडली.

"पंखा चालू असताना आवाज आला तर समजू शकतो," लंबू स्वतःशीच म्हणाला. "पण बंद असताना? आणि सारखा नाही, मधूनमधून! विचित्रच आहे."

तेवढ्यात मामा आत आला. "काय रे, तोंडं का उतरली? त्या आवाजाने? हात्तिच्या! त्याचा बंदोबस्त करतो मी. तुम्ही नळावर जा आणि कॅन भरून आणा. मी आहे ना!"

'मी आहे ना' हे मामाचं आवडतं वाक्य. ते ऐकलं की मामीच्या कपाळावर आठी पडायची. कारण मामाची दुरुस्ती म्हणजे चिकटपट्टी, सुतळी नाहीतर एक जोरदार गुद्दा!

मैदानाच्या टोकाला स्नानघर होतं, त्याच्या शेडखाली नळ. तिथे कॅन भरून होतात न होतात तोच आभाळ अंधारून आलं आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. समोरचं झाडसुद्धा दिसेना. भर दुपारी दिवे लावायची वेळ आली! तिघं शेडखाली कुडकुडत बसली. बराच वेळ गेला, तरी पाऊस हटेना.

"आई भजी… नाही, सूप करत असेल," पोपट म्हणाली. "गरम गरम! आणि आपण इथे गारठतोय!"

"चला, पळूया," लंबूने कॅन उचलला.

चिखल तुडवत तिघं गाडीशी पोचली. सगळ्या काचा लावलेल्या. मुंगीने दार उघडलं, तसा आतून उबट, दमट वाफारा तिच्या तोंडावर आला. आत पाऊल टाकताच तिला वाटलं, काहीतरी चुकतंय. काय ते चटकन कळेना.

मग कळलं. छत कण्हत नव्हतं.

तिने वर पाहिलं. झरोक्यात बाकावरची जाड उशी कोंबलेली होती आणि तिच्यावर आडव्यातिडव्या चिकटपट्ट्या!

"केला की नाही बंदोबस्त?" मामा म्हणाला. तो टेबलावर डोकं टेकून बसला होता, आणि शब्द तोंडात घोळत बाहेर येत होते. "आता… चूं नाही की चां नाही. दार लाव गं. गारठा येतोय. डोकं नुसतं ठणकतंय माझं…"

शेगडीच्या दोन्ही चुली पेटलेल्या होत्या. एकीवर मोठं पातेलं, दुसरी नुसतीच, ऊब यावी म्हणून. पण ज्योत नेहमीसारखी निळी नव्हती. पिवळी, लांबुडकी, वळवळणारी ज्योत! पातेल्याचा तळ काळाकुट्ट झाला होता. काचांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ वाहत होते. मागच्या बाकावर मामी झोपली होती. भर दुपारी कधी न झोपणारी मामी! तिच्या कुशीत गोळू.

"गोळ्या, ए गोळ्या!" पोपटने आपली वेणी त्याच्या नाकावर फिरवली. एरवी त्याने ती खस्सकन ओढली असती. आत्ता त्याने बोटसुद्धा हलवलं नाही.

मुंगीच्या काळजात धस्स झालं. शाळेत बाईंनी सांगितलेली गोष्ट तिला आठवली. थंडीत दारंखिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटवून झोपलेलं एक घर. सकाळी त्यातलं कुणीच उठलं नव्हतं. तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने शेगडीची दोन्ही बटणं बंद केली.

"अगं, सूप व्हायचंय!" मामा खेकसला.

"मामा, बाहेर चल. सगळे बाहेर चला! इथली हवा खराब झालीय!"

"हवा? काही नाही होत. पावसात कुठे… मी आहे ना." मामाने पुन्हा डोकं टेकलं.

लंबूने खिडकीची कडी काढली, तर मामा तिथूनच ओरडला, "बंद कर! गाद्या भिजतील!" उठायला गेला आणि धडपडून परत बसला. त्याचे डोळे तांबारले होते. आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळत नसावं.

एवढा मोठा मामा! त्याला उचलून न्यायचं तरी कसं? मुंगीला रडूच फुटणार होतं. तिचं स्वतःचं डोकं जड व्हायला लागलं होतं का, की नुसतीच भीती? तिने पोपटला दारापाशी ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग लंबूकडे बघून गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं आणि हलवून हलवून हातांनी खूण केली. लंबूच्या डोक्यात प्रकाश पडला. तो उडी मारून बाहेर पडला.

पुढच्याच क्षणी पोपटने असा काही गळा काढला की मैदानातले पक्षी उडाले!

"बाबा! गाडी घसरली! गाडी तळ्यात चालली! हँडब्रेक! बाबा, तुम्ही हँडब्रेक लावला नाहीत!"

त्याच वेळी लंबू मागच्या शिडीच्या पायरीवर दाणदाण उड्या मारू लागला. गाडी गदागदा हलली! पातेलं घरंगळलं, कपाटातली भांडी खणखणली. आपण हँडब्रेक लावला होता की नाही, हे मामाला खरोखरच आठवेना! तो खडबडून उठला, दाराला धडकला आणि सरळ चिखलात जाऊन पडला.

मुंगीने तोवर गोळूला छातीशी कवटाळलं होतं. केवढा जड लागला तो! त्याची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली होती. "मामी! ऊठ ना! गोळूला मी बाहेर नेतेय! मामी!"

"गोळू?" मामीने डोळे किलकिले केले. "कुठे नेतेस माझ्या बाळाला?"

ती धडपडत, बाकांना धरत मुंगीच्या मागे आली. दारात तिचा तोल गेला, पण खाली लंबू उभाच होता. त्याने आईला दोन्ही हातांनी झेललं.

पाऊस कोसळत होता. मुंगी शेजारच्या गाडीच्या छपराखाली धावली. गोळूच्या तोंडावर थंड वारा लागत होता, तरी तो गप्पच. "रड ना रे," मुंगी त्याला हलवत म्हणाली. "एकदा रड! काहीतरी कर!" आयुष्यात ती इतकी कधीच घाबरली नव्हती.

पोपटच्या किंकाळीने शेजारच्या गाडीचं दार केव्हाच उघडलं होतं. आतून पांढऱ्या केसांच्या एक आजी बाहेर आल्या. त्या डॉक्टर होत्या. काल संध्याकाळीच त्यांनी मुलांना तळ्यातली बदकं दाखवली होती. त्यांनी काही न विचारता गोळूला हातात घेतलं, त्याचे डोळे उघडून पाहिले, पाठ चोळली.

"आत काय पेटत होतं?"

"गॅस. दोन्ही चुली. आणि सगळं बंद होतं," मुंगी त-त-प-प करत म्हणाली. "मी गॅस बंद केलाय."

"शाबास. पोपट, तू मैदानाच्या फाटकावर पळ आणि रुग्णवाहिका बोलवायला सांग. म्हणावं, ऑक्सिजन हवाय!"

पोपट निघाली आणि तेवढ्यात गोळूने नाक मुरडलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं! इतका गोड आवाज मुंगीने कधी ऐकला नव्हता. ती मटकन खाली बसली.

रुग्णवाहिका आली, मामा, मामी आणि गोळूला घेऊन गेली. "एक दिवस लक्ष ठेवतील, ऑक्सिजन देतील. वेळेवर बाहेर आले, आता घाबरू नका," डॉक्टरआजींनी मुलांना जवळ घेतलं. "जळण्याला पुरेशी हवा मिळाली नाही की एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला वाटतं झोप येतेय, आणि तो झोपतो. पण अशा गाड्यांत त्याची सूचना देणारं यंत्र असतं. ते कसं वाजलं नाही?"

लंबूने दाराजवळची पांढरी डबी उघडली. आत सेलच नव्हता! तो सापडला मामाच्या टॉर्चमध्ये.

"डबी सारखी चिवचिव करत होती, म्हणून बाबांनी काढला," लंबू हताशपणे म्हणाला. "आणि टॉर्चही लागत नव्हता. अहो, ती सेल संपत आला म्हणूनच चिवचिवत असणार!"

रात्र मुलांनी डॉक्टरआजींच्या गाडीत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. दवाखान्यातून फोन आला, सगळे ठीक होते, दुपारपर्यंत परतणार होते. पण मुंगीचं पाऊल गाडीत पडेना.

"तो आवाज काय होता, ते कळल्याशिवाय मी आत झोपणार नाही," तिने जाहीर केलं.

"मग शोधूया की!" डॉक्टरआजींनी हत्यारांची पेटीच आणून ठेवली. "फक्त आधी वीज पूर्ण तोडा. आणि दारंखिडक्या सताड उघड्या."

लंबू जमिनीवर उभं राहूनही हात उंचावला की छताला पोचायचा. त्याने उशी ओढून काढली, जाळीचे स्क्रू सोडवले. जाळीवर धुळीचा जाड थर होता. मुंगीने स्टुलावर चढून आत डोकावलं.

"लंबू, वरचं झाकण पूर्ण मिटतच नाहीये! बिजागरी वाकलीय. बोटभर फट आहे. उजेड दिसतोय!"

त्याच वेळी बाहेर वाऱ्याची झुळूक आली. पंख्याची पाती आपोआप, सावकाश फिरू लागली. "हूं… ऊं… ठक!"

मुंगी स्टुलावरून पडतापडता वाचली. आणि मग खो खो हसत सुटली. "वारा! फटीतून वारा येतो आणि पंखा फिरवतो! म्हणून स्विच बंद असला तरी कण्हतो!"

"म्हणजे भूत नाही?" पोपट जरा हिरमुसलीच.

"पण ठक का?" लंबूने मधला नट सोडवून पाती खाली काढली. पेचकसाच्या दांडीवर त्याने ती अडकवली, तर एक पातं दरवेळी झपकन खाली झुकायचं. उलटं करून पाहिलं, तर त्या पात्यावर मातीचा कडक गोळा चिकटलेला होता!

"कुंभारमाशीचं घर!" मुंगी ओरडली. "रिकामंच आहे, माशी उडून गेलीय. या ओझ्याने पंखा एका बाजूला झोल खातो आणि चौकटीला आपटतो!"

मग काय, कामाला नुसती झुंबड उडाली! पोपटने ओल्या फडक्याने माती विरघळवून पाती चकचकीत केली. मोटरचे स्क्रू ढिले झाले होते. लंबूने डॉक्टरआजींच्या जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे कापून त्यांच्याखाली रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे थरथर पत्र्यापर्यंत पोचायची नाही. मुंगीने मोटरच्या दांड्याला तेलाचा थेंब सोडला. वाकलेली बिजागरी दोघांनी पक्कडीने सरळ केली. आता पाती दांडीवर कशीही ठेवली तरी झुकेनात. सगळं परत बसवून, झाकण उघडून लंबूने वीज जोडली आणि स्विच दाबला.

मंद, एकसारखी सरसर. मुंगीने कागदाचा चिटोरा जाळीखाली धरला. तो सुर्रकन वर जाऊन चिकटला!

दुपारी मामा परतला तो मान खाली घालूनच. मामीने दारातच मुंगीला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. कालपासून धीराने राहिलेली मुंगी तेव्हा मात्र हमसून हमसून रडली.

"पोरांनो, चुकलो मी," मामा म्हणाला. "आवाज मोडायच्या नादात तुम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. पंखा दुरुस्त करायचं सोडून त्याचं तोंड दाबलं!"

"तुमची मुलं फार गुणी आहेत," डॉक्टरआजी म्हणाल्या. "कालच्यासारखं प्रसंगावधान मी मोठ्या माणसांतही क्वचित पाहिलंय. मुंगी, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना! खूप! अजूनही वाटतेय."

"वाटू दे. त्या भीतीनेच तू वर बघितलंस." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी गोळूला भूक लागली. मामाने सवयीने लायटर उचलला, मग थबकला, आणि मुंगीकडे वळून अदबीने म्हणाला, "मुंगीबाई, गोळूचं दूध गरम करायचंय. परवानगी आहे?"

मुंगी उठली. तिने खिडकी उघडी आहे ना पाहिलं, पंखा लावला, त्याखाली हात धरून हवा वर ओढली जातेय ना याची खात्री केली. दाराजवळच्या डबीत आता नवा सेल होता, तिचा हिरवा दिवा बघितला. मग शेगडीसमोर येऊन उभी राहिली.

"लाव," ती म्हणाली. "पण ज्योत निळी आली नाही, तर मी लगेच बंद करणार!"

ज्योत निळीशार आली.