ढोलीतली आग

रामाकोन्याहून डोंगराकडे निघालं की शेवटचे दोन संत्र्याचे बगीचे एकाच घरातले. अलीकडचा वच्छलाबाईचा, पलीकडचा तिच्या दिराचा, नत्थूजीचा. नवरा गेला त्या वर्षी वाटणी झाली. मधल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वरच्या टोकाला मोहाचं एक जुनं झाड उभं आहे, आणि त्याच्या पाठीमागून सरकारी जंगल चढत जातं. साजा, तेंदू, सलई, आणि उन्हाळ्यात पायाखाली वाळक्या पाल्याचा थर.

मोह किती जुना, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वच्छलाबाईची सासू सांगे, तिच्या सासूनंही तो एवढाच पाहिला होता. बुंध्याला माणूस बसेल एवढी ढोली.

त्या दिवशी नत्थूजीकडे मृग बहाराच्या संत्र्यांचा तोडा चालला होता. पांढुर्ण्याचा व्यापारी कुलदीप कॅरेट भरून घेत होता. बाया तोडता तोडता हसतबोलत होत्या. वच्छलाबाई आपल्या झाडांना पाणी सोडून, फावडं खांद्यावर टाकून वर आली, तर ढोलीतून धूर निघताना दिसला. पांढरा, बारीक, सरळ.

जवळ जाऊन पाहिलं. ढोलीत गोवऱ्या खच्चून भरलेल्या, आणि निखारे लालभडक.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दिराची ही रीत तिला ठाऊक होती. झाड तोडायला परवानगी लागते. जळून पडलं तर कोणी विचारत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात धुरा जाळतो असं सांगून बुंध्याशी आग ठेवायची. खोड आतून खचत जातं, आणि एखाद्या वादळात झाड आपोआप आडवं होतं. धुऱ्यावरचे बेहडे असेच गेले होते. मागल्या उन्हाळ्यात तर आग धुरा सोडून डोंगरावर चढली. ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून वच्छलाबाईचे हात सोलले होते, आणि नत्थूजी आपल्या पाटाशी उभा राहून आग बगीच्याकडे वळते का, तेवढंच पाहत होता.

तिनं फावड्यानं निखारे बाहेर ओढले. एक उडून तिच्या पावलावर पडला. तिनं पाय झटकला आणि थांबली.

पाय भाजला नव्हता. निखारा तर लाल होता. तिनं भीत भीत बोट लावलं, मग तो उचलून तळहातावर घेतला. नदीतल्या गोट्यासारखा थंड होता. हातातच त्याची राख झाली.

तिनं ढोलीत हात घालून चाचपलं. आतलं लाकूड काळंसुद्धा पडलं नव्हतं.

वच्छलाबाई भुताखेताला मानणारी नव्हती. उन्हानं डोकं फिरलं असेल, असं स्वतःला सांगून ती राग तसाच घेऊन खाली उतरली.

नत्थूजी खाटेवर बसून तोड्यावर नजर ठेवून होता.

"भाऊजी, मोहात आग कोणं ठेवली?"

"धुरा जाळला, वहिनी. सारी दुनिया जाळून राहिली. धूर काय तुमालेच लागते?"

"धुरा खाली हाय. गोवऱ्या ढोलीत काय चालत गेल्या?"

कुलदीप हसला. नत्थूजीही हसला. "त्या झाडाच्या सावलीनं माह्या संत्र्याच्या दोन ओळी बसल्या. तुमाले मोहफुलं पायजेत नं? पोतंभर बाजारातून आणून देतो."

"अन् जंगल? तेबी बाजारातून आणसान? मांगच्या साली वर काय जळलं, पाहाले आल्ते तुमी? हरणाचं पिल्लू जळून पडलं होतं. म्या पुरलं ते, या हातानं."

"पुरलं? मंग तेरवीले काऊन नाई बोलावलं?"

बाया हसल्या नाहीत. वच्छलाबाईच्या तोंडाशी शिवी आली, तेवढ्यात एका बाईनं हातातलं संत्रं फेकून दिलं.

"अव माय! चटका बसला!"

कुलदीपनं ते उचललं आणि या हातातून त्या हातात झेलत राहिला. वरून साल पिवळी, तजेलदार. त्यानं सोललं. आतल्या फोडी कोळशासारख्या काळ्या, आणि त्यातून धुराचा एक पातळ दोरा वर गेला. त्यानं दुसरं तोडलं, तिसरं तोडलं. सगळ्यांत तेच.

"ऊन लागलं असंन," नत्थूजी म्हणाला.

"ऊन आतून लागते का, काकाजी?" कुलदीपनं हात खांद्यावरच्या फडक्याला पुसले. "हा माल मी नाई नेत."

गाडी रिकामी गेली. बायाही डब्बे उचलून निघाल्या. नत्थूजी वहिनीकडे वळला. "काय केलं तुमी?"

"शिव्या देल्या, मनातल्या मनात. त्यानं संत्रं जळत असतं, तर तुमचा बगीचा कवाच राख झाला असता."

दुसऱ्या दिवशी दुपारी नत्थूजीची बायको, शकुंतला, धापा टाकत आली.

"बाई, चाला नं वर. हे बंडीभर पऱ्हाटी घेऊन गेले, डिझेल घेऊन गेले. आयकतच नाईत. रातभर पाणी पेत होते, घशात जळते म्हणे. जामसांवलीच्या मारुतीले जाऊ म्हटलं, तर अंगावर धावले."

वच्छलाबाईनं पाटातून बादली भरली आणि धुरा चढू लागली. छाती भात्यासारखी चालली होती. आज याचं थोबाड फोडायचं, एवढंच डोक्यात होतं.

मोह पेटला होता. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचे ढीग बुंध्याभोवती रचलेले, आणि जाळ पहिल्या बेचक्यापर्यंत चढलेला. पण पऱ्हाटी तडतडत नव्हती. एवढ्या मोठ्या आगीला आवाजच नव्हता. जाळ वाळक्या पाल्याला चाटत होता, आणि एकही पान आकसत नव्हतं. वरून एक मोहफूल गळलं, जाळातून खाली आलं आणि पाल्यावर पडून राहिलं. पांढरं, रसरशीत.

थोडं खाली, धुऱ्याच्या दगडाला टेकून नत्थूजी बसला होता. घामानं न्हायलेला.

"पाहून घ्या, वहिनी," तो म्हणाला. "आज पडते तुमचा मोह."

शब्दाशब्दाला त्याच्या तोंडातून धूर निघत होता. हातात बिडी नव्हती.

शकुंतलानं पदरानं त्याचं कपाळ टिपायला हात नेला आणि किंचाळून मागं घेतला. तिची बोटं पोळली होती.

"विझवा बाई! ते आग विझवा!"

वच्छलाबाईनं मोहाकडे पाहिलं. त्याला ओरखडाही नव्हता. जंगल शाबूत होतं. तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

तिनं बादली खाली ठेवली.

लग्न होऊन आल्यापासून ती दिराला 'भाऊजी, तुमी' याखाली कधी बोलली नव्हती.

"नत्थू," ती म्हणाली, "तुले समजते का, कोण जळून राहिलं ते?"

त्यानं मान वर केली. ओठ काळे पडले होते.

"जळू द्या," तो म्हणाला. "झाड पडू द्या."

"मर मंग."

शकुंतलानं तिचे पाय धरले. पोळलेल्या बोटांनीच तिनं घट्ट धरलं होतं. वच्छलाबाईनं पाय सोडवून पाहिला. सुटला नाही.

"तुह्यासाठी नाई," ती दिराकडे न पाहता म्हणाली. "हिच्यासाठी."

तिनं बादली उचलली आणि सगळं पाणी ढोलीत भिरकावलं.

आग जिथल्या तिथं विझली. वाफ नाही, आवाज नाही.

चर्र झालं ते पाठीमागे, दगडापाशी.

शकुंतलाचं रडणं मध्येच तुटलं.

वच्छलाबाईनं वळून पाहिलं नाही. वारा खालून, त्या दगडाकडून, डोंगराकडे वाहत होता. त्याला ओल्या राखेचा वास होता.